धुळीची चकती दिसली म्हणजे ग्रह दिसला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या आणि त्यांतले संभाव्य ग्रह यांविषयीच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून, आपल्याही दैनिकातून, वरचेवर वाचायला मिळतात. खगोलशास्त्राला एवढी जागा मिळते याचा आनंद आहेच. परंतु या बातम्यांत दोन घोटाळे इतक्या सातत्याने होतात की त्यांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले. पहिला घोटाळा असा की, कोणत्याही ताऱ्याभोवती धूळ आढळली की तेथे ‘ग्रहांचा जन्म होत आहे’ असे लिहिले जाते. दुसरा त्याहून गंभीर आहे. चकतीच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी बांधलेला तर्क आणि दुर्बिणीतून प्रत्यक्ष टिपलेला ग्रह यांतील अंतर मथळ्यात पार पुसले जाते, आणि ‘असू शकतो’चे ‘सापडला’ होते.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. ताऱ्यांभोवतीच्या चकत्या एका जातीच्या नसतात. तारा जन्माला येतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धूळ यांची जी चकती फिरत असते, तिच्यात वस्तुमानाच्या हिशेबाने जवळजवळ सगळा वायूच असतो. धूळ साधारणपणे शंभरावा हिस्सा. चिलीतील ‘आल्मा’ या दुर्बीणसमूहाने २०१४ मध्ये टिपलेली एचएल टॉरी या ताऱ्याची प्रतिमा अनेक वाचकांना आठवत असेल. सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरच्या, जेमतेम दहा लाख वर्षे वयाच्या या ताऱ्याभोवती एकात एक बसलेली तेजस्वी कडी आणि त्यांमधल्या काळ्या फटी तीत दिसतात. पीडीएस ७० या ताऱ्याच्या अशाच चकतीतील मोकळ्या जागेत २०१८ मध्ये एक ग्रह थेट टिपला गेला आणि पुढच्याच वर्षी दुसरा. अशा ठिकाणी ‘जन्म’ हा शब्द शोभतो. मात्र ही अवस्था फार काळ टिकत नाही. बहुतेक ताऱ्यांभोवतीचा वायू एक कोटी वर्षांच्या आत संपतो. काही ताऱ्यावर पडतो, काही अवकाशात उडून जातो, थोडा ग्रहांच्या वाट्याला येतो. त्यानंतर गुरूसारखा वायुमय ग्रह घडण्यास कच्चा मालच उरत नाही.

बातम्यांत येणाऱ्या अनेक चकत्या या नंतरच्या काळातल्या, म्हणजे अवशेष-चकत्या असतात. त्यांची तुलना बांधकाम आटोपल्यावर आवारात पडून राहिलेल्या राडारोड्याशी करता येईल, फक्त हा राडारोडा पूर्वीचा नसून अजूनही रोज नव्याने तयार होत असतो, एवढे ध्यानात ठेवावे लागेल. ग्रह होण्यापासून राहून गेलेले, लघुग्रह आणि धूमकेतूंसारखे असंख्य पिंड एकमेकांवर आदळतात, त्यांचे तुकडे पुन्हा आदळतात, आणि ही साखळी मायक्रॉनएवढ्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, बारीक धुळीपर्यंत जाऊन पोहोचते. दुर्बिणीला दिसते ती ही शेवटची धूळ. तिला जन्म देणारे किलोमीटरभर आकाराचे पिंड दिसत नाहीत, कारण तेवढ्याच वस्तुमानाची धूळ केली तर तिचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी अधिक भरतो आणि प्रकाश परतवण्याचे व उष्णता उत्सर्जित करण्याचे काम पृष्ठभागच करतो.

ही धूळ जुनी नाही हे कशावरून, असा प्रश्न चौकस वाचक विचारील, आणि त्याचे उत्तर या विषयातील मला सर्वांत आवडणारा भाग आहे. ताऱ्याच्या प्रकाशालाही दाब असतो. तेजस्वी ताऱ्याजवळ काही मायक्रॉनपेक्षा लहान कणांवर हा दाब गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो आणि ते कण बाहेर फेकले जातात. त्यांहून थोडे मोठे कण तग धरतात, परंतु प्रकाश शोषून पुन्हा उत्सर्जित करताना त्यांच्या कक्षीय गतीला किंचित किंचित अडथळा होत राहतो आणि ते सर्पिल वाटेने ताऱ्याकडे ओढले जातात. जॉन पॉइंटिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा परिणाम मांडला आणि हॉवर्ड रॉबर्टसन यांनी १९३७ मध्ये त्याची सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार नीट मांडणी केली. दाट चकत्यांत तर कणांची आपसातील टक्करच त्यांना या दोन्हींआधी संपवते. कारण कोणतेही असो, धुळीचे आयुष्य ताऱ्याच्या वयाच्या मानाने अगदी तुटपुंजे असते. म्हणून चाळीस-पन्नास कोटी वर्षांच्या ताऱ्याभोवती ती दिसत असेल, तर तिचा पुरवठा आजही चालू असला पाहिजे, आणि तो चालू ठेवणारे मोठे पिंड तेथे असलेच पाहिजेत. एकही पिंड न पाहता काढलेला हा निष्कर्ष अवशेष-चकत्यांच्या अभ्यासातला सर्वांत भक्कम निष्कर्ष आहे. त्याला मथळ्यात कधी जागा मिळाल्याचे मला आठवत नाही.

या चकत्यांचा शोधही आडवाटेने लागला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ हा अवरक्त दुर्बीण असलेला उपग्रह सोडला. त्याच्या मोजमापांची पडताळणी करण्यासाठी अभिजितसारख्या परिचित, भरवशाच्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवण्यात आली, तेव्हा हार्टमुट औमान आणि फ्रेड जिलेट यांच्या लक्षात आले की दूरच्या अवरक्त तरंगांवर अभिजित अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी आहे. उपकरण बिघडलेले नव्हते; ताऱ्याभोवती उणे १९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असलेली थंड धूळ होती. ज्या ताऱ्याच्या आधाराने इतर ताऱ्यांचे तेज मोजायचे, त्यानेच चकवा दिला, हा योगायोग गमतीचा खरा. लवकरच मीनास्य म्हणजेच फोमलहॉट, बीटा पिक्टोरिस आणि एप्सिलॉन एरिडॅनी यांच्याभोवतीही तशीच धूळ असल्याचे दिसून आले. १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेतून बीटा पिक्टोरिसच्या चकतीची पहिली प्रतिमा घेतली. ती आपल्याला नेमकी कडेने दिसते, त्यामुळे ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची लांब पात्यासारखी रेघ उमटली.

आता दुसऱ्या, म्हणजे ग्रहाच्या तर्काच्या मुद्द्याकडे येतो. हा तर्क पोकळ असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि त्यासाठी बीटा पिक्टोरिसचेच उदाहरण पुरेसे आहे. हा तारा सुमारे ६३ प्रकाशवर्षांवर असून त्याचे वय दोन कोटी वर्षांच्या थोडे पुढे आहे. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीच्या प्रतिमांत त्याच्या चकतीचा आतला भाग बाहेरच्या भागाच्या प्रतलाशी किंचित तिरपा दिसला. कललेल्या कक्षेतील एखादा जड ग्रह धुळीला असे मुरडू शकतो, हे गणिताने दाखवता येत होते. अ‍ॅन-मारी लाग्रांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये चिलीतील युरोपीय ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने घेतलेल्या प्रतिमांत ताऱ्यालगत एक फिकट ठिपका आढळला, आणि २००८ मध्ये त्यांनी तो जाहीर केला तेव्हाही ‘संभाव्य’ हाच शब्द वापरला. कारण मागे दूरवर असलेला एखादा तारा तेथे योगायोगाने दिसत असण्याची शक्यता शिल्लक होती. पुढे २००९ च्या निरीक्षणांत तोच ठिपका ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला आलेला दिसला आणि २०१० मध्ये शंका मिटली. गुरूच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा हा ग्रह, आपल्याकडे शनी सूर्यापासून जितका दूर आहे साधारण तितक्याच अंतरावरून फिरतो. त्याच्याही आत आणखी एक मोठा ग्रह असल्याचे २०१९ मध्ये, ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डोलण्यावरून, कळले आणि २०२० मध्ये तो थेट टिपला गेला. म्हणजे चकतीतील मुरड दिसण्यापासून ग्रहाची खात्री होईपर्यंत सुमारे दीड दशक गेले, आणि त्या काळात ‘संभाव्य’ हा शब्द सोडण्याची घाई शोधकर्त्यांनी केली नाही.

फोमलहॉटची कथा मात्र उलट दिशेने गेली, आणि वृत्तपत्रांनी ती जपून ठेवावी इतकी बोधक आहे. हा तारा केवळ २५ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे वय सुमारे ४४ कोटी वर्षे आहे. सूर्याच्या सुमारे ४६० कोटी वर्षांपुढे तो तरुण ठरतो हे मान्य, तरीही त्याला ‘नवजात’ म्हणणाऱ्या बातम्या वाचून हसू येते. पॉल कालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबलच्या साहाय्याने २००५ मध्ये दाखवून दिले की त्याच्याभोवतीचे धुळीचे कडे अरुंद असून त्याची आतली कड रेखीव आहे आणि त्याचे केंद्र खुद्द ताऱ्यावर नसून तेथून सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १५ पट सरकलेले आहे. असे कडे घडवणारा ग्रह जवळपास असावा, हा तर्क वाजवी होता. त्यानंतर १३ नोव्हेंबर २००८ रोजी, २००४ आणि २००६ च्या प्रतिमांची तुलना करून, त्या कड्याच्या आत सरकणारा एक ठिपका त्यांनी ग्रह म्हणून जाहीर केला. योगायोग असा की त्याच दिवशी ख्रिस्तियन मारवा यांच्या गटाने एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह थेट टिपल्याचे जाहीर केले. जगभर दोन्ही बातम्यांना सारखेच महत्त्व मिळाले, आणि त्या दिवशी त्यांत डावे-उजवे करणे सामान्य वाचकाला शक्य नव्हते.

फरक हळूहळू उघड होत गेला. एचआर ८७९९ चे ग्रह अवरक्त प्रकाशात तेजस्वी होते, कारण तरुण महाकाय ग्रह जन्माच्या उष्णतेने अजून तापलेले असतात. २०१० मध्ये तेथे चौथाही ग्रह मिळाला आणि चौघेही ताऱ्याभोवती सरकताना टिपले गेले आहेत. फोमलहॉटचा ठिपका दृश्य प्रकाशात स्पष्ट होता, परंतु स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला तो सापडेना. ग्रहाभोवती मोठे धुळीचे कडे असेल आणि तेच प्रकाश परतवत असेल, अशी समजूत घालून काही काळ निभावले. दरम्यान त्याची कक्षा इतकी लांबोडी निघाली की त्याने कड्याला आकार देणे अवघडच होते. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने जगभरातील लोकांच्या मतदानातून त्याचे ‘डागॉन’ असे नामकरणही केले. गंमत अशी की २०१४ च्या हबलच्या प्रतिमांत तो आधीच दिसेनासा झाला होता, पण हे जगाला कळले २०२० मध्ये, जेव्हा आंद्रास गास्पार आणि जॉर्ज रीकी यांनी सर्व जुन्या प्रतिमा नव्याने तपासून तो ठिपका वर्षागणिक पसरत आणि फिकट होत गेल्याचे दाखवले. ग्रह पसरत नाही. तो सुमारे २०० किलोमीटर आकाराच्या दोन पिंडांच्या टकरीतून उठलेला धुळीचा ढग असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. नाव मिळालेला ग्रह मुळात अस्तित्वातच नव्हता.

यावर शास्त्रज्ञांची फजिती झाली, अशी प्रतिक्रिया काही ठिकाणी उमटली. मला ती अन्यायकारक वाटते. ग्रहाऐवजी दोन पिंडांच्या टकरीचा ढग, आणि तोही विरत जाताना, दुसऱ्या ताऱ्याभोवती पाहायला मिळणे ही ग्रहाहून दुर्मीळ गोष्ट होती. अशी टक्कर त्या ताऱ्याभोवती दोन लाख वर्षांतून एखादी व्हावी, असा गास्पार आणि रीकी यांचा अंदाज होता. त्यानंतर २०२३ च्या हबलच्या प्रतिमेत त्याच कड्याजवळ आणखी एक, पूर्वी नसलेला ठिपका दिसला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याला दुसऱ्या टकरीचा ढग म्हणून जाहीर करणाऱ्या गटाचे नेतृत्व पुन्हा पॉल कालास यांनीच केले. दोन लाख वर्षांतून एकदा घडावी अशी घटना वीस वर्षांत दोनदा दिसली, तर एक तर आपण विलक्षण नशीबवान आहोत, नाही तर आपला हिशेब चुकलेला आहे. मला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो. भविष्यात ताऱ्याचा परावर्तित प्रकाश टिपून ग्रह शोधू पाहणाऱ्या दुर्बिणींना तर हा थेट इशाराच आहे, कारण असा ढग अनेक वर्षे ग्रहाचे सोंग हुबेहूब वठवू शकतो.

कड्याची रेखीव कड पाहून ग्रहाचे नाव घेण्यातही सावधगिरी हवी. व्लादिमिर लिरा आणि मार्क कुचनर यांनी २०१३ मध्ये दाखवले की चकतीत थोडाबहुत वायू शिल्लक असेल, तर ग्रहाशिवायही रेखीव कडी तयार होऊ शकतात: प्रकाशामुळे धुळीतून निघालेले इलेक्ट्रॉन वायू तापवतात, तापलेल्या वायूचा दाब वाढतो, वाढलेल्या दाबाकडे आणखी धूळ गोळा होते आणि हे चक्र स्वतःला पोसत राहते. याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. अभिजित आणि फोमलहॉट हे अंतर, वय आणि तापमान यांत एकमेकांशी बरेच जुळणारे तारे आहेत. ‘जेम्स वेब’ या अवकाश दुर्बिणीला २०२३ मध्ये फोमलहॉटभोवती एकात एक असे तीन पट्टे दिसले, तर अभिजितची चकती २०२४ मध्ये आश्चर्यकारकरीत्या गुळगुळीत आढळली. मोठे ग्रह तिच्यात ढवळाढवळ करत असल्याची ठळक खूण नाही. सारख्या ताऱ्यांची चकती एवढी वेगळी का, याला आज समाधानकारक उत्तर नाही, आणि ‘ग्रह सापडला’ या मथळ्यापेक्षा हा प्रश्न मला अधिक वजनदार वाटतो. शिवाय चकती न दिसणे म्हणजे अवशेष नसणे असेही नाही. आपल्या सूर्याभोवती मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रहांचा पट्टा आणि नेपच्यूनपलीकडचा कायपर पट्टा आहे, पण तेथील धूळ इतकी विरळ आहे की दुसऱ्या ताऱ्याभोवती तेवढीच धूळ असली तर आजच्या दुर्बिणींना ती दिसणार नाही.

या पार्श्वभूमीवर टीडब्ल्यूए ७ या ताऱ्याची जून २०२५ मधील बातमी पाहावी. सुमारे १११ प्रकाशवर्षांवरच्या आणि साठ लाखांच्या आसपास वर्षांच्या या ताऱ्याच्या चकतीत कडी आहेत, आणि वेब दुर्बिणीला त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, गणिताने ग्रह जेथे असायला हवा तेथेच, एक फिकट स्रोत आढळला. तो ग्रह असेल तर त्याचे वस्तुमान शनीएवढे, म्हणजे तोवर थेट टिपलेल्या ग्रहांपेक्षा बरेच कमी भरते. या संशोधनाच्या प्रमुखही लाग्रांजच आहेत, आणि येथेही दूरच्या दीर्घिकेची शक्यता जवळपास निकालात काढल्यानंतरही शोधनिबंधाची भाषा जपून आहे. बातम्यांत मात्र ‘वेबचा पहिला नवा ग्रह’ एवढेच उरले.

आपल्या विज्ञान विभागाला काही सूचना कराव्याशा वाटतात. ग्रह थेट टिपला, ताऱ्याच्या डोलण्यावरून कळला, की केवळ कड्याच्या आकारावरून सुचला, हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात यावे. छायाचित्राखाली ते कोणत्या प्रकाशात घेतले आणि रंग नंतर भरले आहेत का, हे लिहावे. अवरक्त प्रतिमेतला केशरी रंग डोळ्यांनी दिसणारा नसतो, आणि मधोमध दिसणारे काळे वर्तुळ हे चकतीतले भोक नसून ताऱ्याचा झगमगाट अडवण्यासाठी बसवलेल्या कोरोनाग्राफचा पडदा असतो. एकाच चकतीच्या दोन प्रतिमा वेगवेगळ्या दिसल्या तर त्यांतली एक खोटी आहे असे वाचकाला वाटू नये, म्हणून हेही सांगावे की मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर भरड कण दिसतात, जे एकमेकांवर आदळणाऱ्या पिंडांच्या आसपासच राहतात, तर दृश्य प्रकाशात प्रकाशाच्या दाबाने दूरवर पसरलेली बारीक धूळ उठून दिसते. चित्रकाराने कल्पनेने काढलेले चित्र तसे असल्याचा उल्लेख ठळक अक्षरांत असावा. हे चित्र बहुधा सर्वांत देखणे असते आणि तेच वाचकाच्या लक्षात राहते.

शेवटची विनंती फोमलहॉटच्या त्या दुसऱ्या ठिपक्याविषयी. हबल आणि वेब या दोन्ही दुर्बिणींतून येत्या काही वर्षांत त्याचा पाठपुरावा होणार आहे. तो पसरत, लांबत किंवा विरत गेला तर ते वृत्त आपण अवश्य छापावे, पहिल्या पानावर नसले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक